दाण्याएवढा मोड

फिंतास, १४ फेब्रुवारी १९६५

बुबू,

तुला आणि बिल्कीसला सलाम. पत्र माझं आहे हे बिल्कीसने पाकिटावरचं नाव वाचून ओळखलं असेल. बिल्कीस, पत्र लगेच चुलीत घालू नकोस. मी काही मागायला लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे, तेवढं अम्मीला वाचून दाखव, तिला विचारून उत्तर टाक, मग चुलीत घाल.

बुबू, अम्मा नाचणीचं सत्त्व करायची तेव्हा नाचणी किती वेळ भिजवायची? आणि मोड आणायला पोत्यात ठेवायची की फडक्यात? वर दगड ठेवायची एवढं मला आठवतं, कारण तो दगड मी एकदा कैऱ्या फोडायला नेला होता आणि मार खाल्ला होता.

विचारायचं कारण असं. मी आता कुवेतला आहे. आधी बसऱ्याला खजुराच्या वखारीत होतो, मग बहारिनला एका लाँचवर, तिथं सारंगाशी पटलं नाही. मध्ये आठ महिने एका इराण्याच्या बेकरीत होतो, त्याच्याकडे एक बोलणारी मैना होती, ती फारसीत शिव्या द्यायची. असो. आता फिंतासला मुस्तफा मिस्त्रीच्या वर्कशॉपात वेल्डिंग करतो. मिस्त्री आपल्या श्रीवर्धनचा आहे. गाव समुद्रकाठी आहे, थोडी खजुराची झाडं, विहिरी, आणि मागे वाळू. वाळूपलीकडे अहमदी, तिथं तेल कंपनीच्या साहेब लोकांचे बंगले.

त्यातल्या पार्किन नावाच्या इंग्रजाने मिस्त्रीकडे एक स्टँड करायला दिलाय. लोखंडी घडवंची म्हण, पण तीन पायऱ्यांची. तिन्ही पायऱ्यांवर एकेक मोठं पातेलं, मेसमधून निघालेलं, पाच-पाच हंडे पाणी मावेल असं. वरच्यात नुसतं गरम पाणी. ते तोटीतून मधल्यात उतरणार. मधल्यात मोड आणून भरडलेले जव, तळाला भोकांचा पत्रा, म्हणजे चोथा वर राहील आणि गोड पाणी खाली जाईल. तिसऱ्यात ते पाणी उकळायचं. वर-खाली उचलाउचल नको, सगळं आपोआप उतरायला हवं. खाली घासलेटचे मोठे बर्नर, हलवायाच्या भट्टीला असतात तसले.

मी पातेली बघितली, जव बघितले, आणि म्हटलं हे तर सत्त्व. आपल्याकडे अम्मा फडक्यातून गाळायची ते हा लोखंडाने करतोय एवढंच. साहेबाला विचारलं, हे कुणी पितात का? तो हसून म्हणाला, तब्येतीला फार चांगलं. मी समजलो, घरात कुणी आजारी असेल.

पण त्याच्या जवांना मोडच नीट येत नाहीत. दोन पोती कुजली, गॅरेजात पाऊल टाकवत नाही. मी बोलून गेलो की माझ्या बहिणीला विचारतो, तिच्या हाताला दाणा फसत नाही. मिस्त्री म्हणाला, इतक्या दिवसांत तुझ्या तोंडून बहिणीचं नाव ऐकलं नाही, आज कुठून आली?

बुबू, जाफरभाईंचा जनाजा उठला त्या दिवशी भरल्या अंगणात तू मला एकच विचारलंस, त्यांना ती बाटली कुणी आणून दिली. मी म्हणालो, "मना नाय म्हाईत." आणि त्यांच्या चाळिसाव्याच्या आधी घर सोडलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त नाचणीचं विचारतोय.

तू मला अर्ध्या म्हणायचीस. अर्धी शाळा, अर्धं सुतारकाम, अर्धी जाळी. हा स्टँड मी पुरा करणार आहे. पत्ता मागे लिहिलाय.

यूनुस


फिंतास, २१ मार्च १९६५

बुबू,

पत्र पोचलं. पाच ओळी. वर सलाम नाही, खाली नाव नाही, तरी मी ते वर्कशॉपातल्या सगळ्यांना दाखवलं. मिस्त्री म्हणाला, हे पत्र आहे की दवाखान्याची चिठ्ठी? मी म्हटलं, माझ्या बहिणीने पाठवलंय, तुला काय करायचंय. बिल्कीसचं अक्षर किती सुंदर झालंय. मी निघालो तेव्हा ती पाटीवर बोट फिरवत होती.

तुझ्या पाच ओळी मी पाठ केल्यात. रात्रभर भिजव. पाणी पूर्ण निथळू दे, ओलं राहो, पाण्यात राहू नये. धुतलेल्या गोणपाटात बांध, वर वजन, दिवसातून दोनदा उघडून खालचं वर कर. मोड दाण्याएवढा झाला की थांब. लांबला की गोडी गेली.

ती शेवटची ओळ साहेबाला सांगितली तर तो खुर्चीवरून उठलाच. त्याच्याकडे जाडं पुस्तक आहे, त्यातून त्याने तेच वाचून दाखवलं. म्हणाला, तुझी बहीण कुठल्या कारखान्यात होती? मी म्हटलं, आमच्या माजघरात.

आता कामाचं सांगतो. अँगल मी कुवेत शहरात शर्कच्या बाजारातून स्वतः निवडून आणला. तिथवर गेलो म्हणून मासळीबाजारात डोकावलो. बुबू, इथं पापलेटला झुबेदी म्हणतात आणि हलव्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. हर्णैचा एक तांडेल भेटला, त्याच्याशी बोलताना दुपार गेली आणि अँगलच्या कांबी तिथंच दुकानात राहिल्या, दुसऱ्या दिवशी परत गेलो. तर सांगत होतो काय, चार पाय मी सरळ उभे धरले, ओळंबा सोडून. मधली पायरी अशा उंचीला घेतली की माणसाला उभ्याउभ्या ढवळता यावं. भोकांच्या पत्र्याला सातशेवर भोकं पाडली, हाताने, एकेक. मिस्त्री दोनदा म्हणाला जाळी लाव आणि मोकळा हो. मी ऐकलं नाही. जाळी दबते, दाणे खाली उतरतात.

जवांना चौथ्या दिवशी मोड आले. गोणपाट उघडलं आणि वास आला, अगदी आपल्या माजघराचा. मी मूठभर तोंडात टाकले. गोड लागले. साहेबानेही टाकले. दोघं तिथंच उकिडवे बसून चघळत राहिलो, तो पंपाचा इंजिनियर आणि मी.

तिसऱ्या पातेल्यात तो इंग्लंडहून आलेला एक वाळका पाला घालणार आहे, डबाबंद. कडू वास येतो, काढ्याला असतो तसा. औषधच असणार.

एक नळीचं काम राहिलंय. ते मग लिहीन.

बिल्कीस कितवीत गेली, तेवढं कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

यूनुस


फिंतास, २५ एप्रिल १९६५

बुबू,

ईद इथंच झाली. पत्राला उशीर झाला कारण डावा हात भाजला होता. उजव्याने लिहितो, पण कागद धरायला डावा लागतो हे तोवर कळलं नव्हतं.

चूक माझीच. स्टँड वर्कशॉपात उभा केला तेव्हा तिथं खाली सिमेंट. डुलला नाही, हलला नाही. मी त्याच्यावर चढून उभा राहिलो होतो. साहेबाच्या परसात नेला, पाणी भरलं, बर्नर पेटवले. वरचं पातेलं तापायला लागलं आणि मागचा डावा पाय हळूच वाळूत उतरला. बोटभरच. पण वर जाईपर्यंत ते बोट वीतभर होतं. पातेलं कलंडायला लागलं, मी हाताने धरायला गेलो.

आपल्याकडे जांभ्यावर काहीही उभं करा, राहतं. त्या सवयीने मी पाय नुसते टोकदार सोडले होते. आणि बाबांचा मुलगा असून सोडले. होडी वाळूत ओढली की टेक्यांखाली फळी सारायला बाबा कधी विसरले का? ती फळी द्यायचं काम माझंच असायचं. एवढी वर्षं फळ्या दिल्या आणि इथं वाळूतच विसरलो.

मिस्त्री म्हणाला, सोड आता, दुसरा कुणी करेल, तू आराम कर. मी म्हटलं, स्टँड माझा आहे. आठ दिवस पट्टी बांधून बसलो, नवव्या दिवशी चारही पायांना रुंद थाळ्या जोडल्या, पाठीमागून तिरपी पट्टी मारली, पायांखाली सागाच्या फळ्या घातल्या. आता वरच्या पातेल्यात पाची हंडे पाणी भरून मी त्याला खांद्याने धक्का दिला. जागचा हलला नाही. बुबू, मी सुरू करून पुरी केलेली ही पहिली गोष्ट.

सत्त्व छान उतरलं. मेमसाहेब महिनाभर अंथरुणाला होती, आता उठून बसते, बागेत फिरते. तुला दुवा देते. मला म्हणाली, तुझ्या बहिणीला सांग.

तुझी तब्येत सांभाळ.

यूनुस


फिंतास, ६ जून १९६५

बुबू,

तुझं पत्र आलं. या खेपेला एकच ओळ. "मेमसाहेबचं नाव काय?"

ते वाचलं आणि कामावर गेलो. दुपारी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी खिशात घालून अहमदीला गेलो, परत आलो. तीन आठवडे तुझी ती ओळ माझ्याबरोबर फिरतेय. एखादं इंग्रजी नाव लिहून टाकायला कितीसा वेळ लागतो? एकदा लिहिलंही. मग फाडलं. चार वर्षांत तू मला दोन प्रश्न विचारलेस. पहिल्याला मी काय केलं ते दोघांना माहीत आहे.

मेमसाहेब नाही. पार्किन एकटा राहतो. बायको इंग्लंडमध्ये आहे, धडधाकट आहे. सत्त्वही नाही. ती बियर आहे.

इथं आधी साहेब लोकांना चिठ्ठीवर दारू मिळायची. या सालापासून सगळ्यांनाच बंद झाली. म्हणून ते घरी करतात, लपून. गोड पाण्यात खमीर घालून झाकून ठेवायचं, की झालं.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, अल्लाची शपथ. दुसरं लिहिलं तेव्हा माहीत होतं. कधी कळलं तेही सांगतो. साहेबाने तांब्याची नळी दिली आणि म्हणाला याची गुंडाळी कर, पातेल्यात बसेल अशी. नळी नुसती वाकवली तर चेपते. तिच्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, मग एखाद्या पिंपाभोवती सावकाश वळवायची. वाळू इथं हवी तेवढी. मी चार वेढे दिले आणि हात थांबला. असली नळी मी एकदाच बघितली होती, खाडीपलीकडे, दारूच्या भट्टीवर, पाण्याच्या पिंपात बुडवलेली. साहेबाला विचारलं तर त्याने समजावलं की ही फक्त उकळतं पाणी थंड करायला, हिच्यातून दारू उतरवत नाहीत, ही ती नव्हे. खरंच ती नव्हे. मी त्याला एक मग पिताना बघितलंय, पितो आणि खुर्चीत झोपतो.

पण मला कळलं होतं, बुबू. आणि कळल्यावर मी उरलेले वेढे दिले. तुला लिहिलं, नळीचं मग सांगेन. तुझी माजघरातली रीत, अम्माची रीत, मी त्याला दिली, आणि तुला दुवा आला म्हणून खोटं लिहिलं.

परवा पार्किनचे दोन मित्र आले, त्यांनाही असेच स्टँड हवेत. पायाच्या थाळ्यांसकट. मी मिस्त्रीला म्हटलं, मी करणार नाही. तो म्हणाला, का, तू पितोस का? नाही. पाजतोस का? नाही. मग तुझं काय जातं? "तू नुसतं लोखंड जोडतोस रे. आत काय उकळतात ते त्यांचं ते बघतील."

वाईट माणूस नाही तो. माझी पट्टी रोज त्यानेच बदलली. पण ते ऐकलं आणि मी हातातली पक्कड खाली ठेवली. कारण चार वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय. मी नुसती आणून दिली.

बिल्कीस, आता पुढचं तुलाच वाचायचं आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या असं लिहिणार होतो, पण ते आपल्या घरातलं शेजारी नेऊन ठेवणं झालं असतं. तुझ्या अब्बांचं आहे. मोठ्याने वाच, मध्ये गाळू नकोस. वाचवत नसेल तर थांब, पाणी पी, मग वाच.

जाफरभाई जहाजावरून उतरून महिना झाला होता. हातपाय कापायचे. तू त्यांची बाटली फोडलीस, आणि कुराणावर त्यांचा हात ठेवून वचन घेतलंस की या घरात बाटली परत येणार नाही. आठवडाभर त्यांनी धरलं. मग तू बिल्कीसला घेऊन फुफीकडे बारशाला गेलीस. त्यांनी मला पडवीत बोलावलं. म्हणाले, यूनुस, आजचा दिवस. मी नाही म्हणालो. मग म्हणाले, पुढच्या खेपेला तुला बरोबर नेतो, जहाजावर लावून देतो. बुबू, मी तेवढ्यावर उठलो. त्यांच्यावर दया आली म्हणून नाही. मला जायचं होतं. कुठंही.

बाबांची छोटी होडी घेतली. पलीकडे भट्टीवर त्या दिवशी गर्दी होती, माल कमी होता, तो माणूस एका डब्यातलं काहीतरी दुसऱ्यात ओतत होता. ते मी बघितलं. वास वेगळा होता, रंगाच्या दुकानात येतो तसा. तेही मला कळलं. बाटली घेतली, भरती होती म्हणून लवकर परत आलो. त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना दिसेना. पुढचं तुला माहीत आहे.

बाटली मी आणली. तू अंगणात विचारलंस तेव्हा मी तुझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. सगळ्या बाया बघत होत्या म्हणून मी खोटं बोललो असं मी बसऱ्यात स्वतःला सांगायचो. पण कुणीही नसतं तरी मी तेच बोललो असतो.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्याकडे काही मागणं झालं. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर दिलं.

मिस्त्रीचं काम मी सोडलं. त्याला सांगून सोडलं, पळून नाही, हिशेब, हत्यारं सगळं परत करून. पार्किनकडेही गेलो. स्टँड मोडणार नाही, तो त्याचा आहे, त्याच्या पातेल्यांखाली तो कधी खचणार नाही. पण त्याला सांगितलं की बहिणीची रीत पुढे कुणाला देऊ नको. तो म्हणाला, ती तर माझ्या पुस्तकातही आहे. मी म्हटलं, मग पुस्तकातली दे. तो म्हणाला, ठीक आहे.

शर्कला बंदरावर लाँचा दुरुस्त करतात, तिथं काम मिळालंय. नवा पत्ता मागे आहे. उत्तर आलं नाही तरी दर महिन्याला लिहीन. बिल्कीसने वाचलं नाही तरी लिहीन. ही दुसरी गोष्ट मी पुरी करणार आहे.

यूनुस


शर्क, १८ जुलै १९६५

बुबू,

पत्र काल मिळालं. आधीच्या पत्त्यावर गेलं होतं, मिस्त्री स्वतः घेऊन आला, गाडीतून, या उन्हात. म्हणाला, पाकीट हलकं आहे, दवाखान्याची चिठ्ठीच दिसतेय. फोडलं तेव्हा तो लाँचांकडे तोंड करून उभा राहिला.

बिल्कीसने वरच्या बाजूला स्वतःचं लिहिलंय. की तिने सगळं वाचलं, गाळलं नाही, एकदा थांबली. की अम्मी उठून विहिरीवर गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. की दुसऱ्या दिवशी भट्टीचा भाग परत वाचायला लावला, तेवढाच. आणि बिल्कीसने लिहिलंय की मामू, मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. बिल्कीस, बरोबर आहे. रागाव. मी इथंच आहे.

खाली तुझी ओळ. मी वाटच बघत होतो, काहीही असलं तरी. शिव्या असतील, इथून पुढे लिहू नको असं असेल. ती वाचली आणि मिस्त्रीला दाखवली. त्याने वाचली, परत घडी घातली, आणि म्हणाला, आता हिचं खरं उत्तर लिही, काय समजलास?

एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं ते तू तेव्हा ऐकलंस, आणि तेव्हा विचारलं नाहीस. आता विचारलंस. "हात कसा आहे?"

कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नवी आली आहे, गुलाबी आहे, उन्हात झोंबते. दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. डॉक्टर म्हणतो वळतील, मिस्त्री म्हणतो नाही वळणार. डाग राहील. कामाला चालतो. आज याच हाताने कागद धरून तुला लिहितोय.

यूनुस